मेंदू आकसलाय ह्यांचा, मार्क कमी माझे, मग घाबरायचं कोणी?

ताई नमस्कार,

पत्र नात टाइप करून देतेय, शब्द माझेच आहेत. माझं वय ६८, शाळा चौथीपर्यंत. भाऊ पुढे शिकला, मला घरकामाला ठेवलं. ह्यांचं वय ७३, इंजिनिअर, सगळं धरून १६ वर्षं शिक्षण. दोन महिन्यांपूर्वी ह्यांना चक्कर आली म्हणून एमआरआय केला, माझं डोकं दुखायचं म्हणून माझाही केला, आणि दोघांची स्मरणशक्तीची टेस्टपण घेतली. ह्यांच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की वयामुळे मेंदू थोडा आकसलाय. माझा म्हणे वयाच्या मानाने ठीक. पण टेस्टमध्ये ह्यांना ३० पैकी २९ आणि मला २३! मुलाने नेटवर वाचलं की २४ च्या खाली गेलं की धोका. हे म्हणतात रिपोर्टची अदलाबदल झाली असणार. मुलगा म्हणतो, आई, विसरण्याचा आजार कमी शिकलेल्यांना जास्त होतो आणि बायकांना जास्त होतो, तुझ्यात दोन्ही आहे. तेव्हापासून झोप नाही. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, शर्ट, फ्रॉक, पडदे, सगळं, फक्त कोट कधी शिवला नाही. कोणाचं माप कधी चुकलं नाही. दोन वर्षं झाली शिवण बंद केलंय, गिऱ्हाईक काय बोलतं ते नीट ऐकू येत नाही आणि सारखं परत विचारायची लाज वाटते. माझं डोकं जाणार का? आणि आता या वयात शिकून काही उपयोग आहे का?

काकू नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रिपोर्टची अदलाबदल झाली असेल असं मला वाटत नाही. दोन्ही रिपोर्ट आहेत तसे बरोबर असू शकतात आणि ते खरे धरले तरी तुमची झोप उडावी असं त्यात काही नाहीये. कसं ते सांगते, जरा लांबेल, पण सावकाश वाचा, एका बैठकीत नाही झालं तरी चालेल.

आधी त्या २३ मार्कांचं बघू. तुम्ही सांगताय त्यावरून ही तीच ३० मार्कांची टेस्ट असावी जी १९७५ पासून जगभर वापरतात. त्यात काय काय विचारलं आठवतंय का? आजची तारीख, वार, महिना, साल. तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचे. १०० मधून ७ वजा करा, उरले त्यातून परत ७, परत ७. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून तसेच काढा. आता मला सांगा, यातलं किती काम तुमच्या रोजच्या जगण्यातलं आहे आणि किती शाळेच्या बाकावरचं? जो माणूस १६ वर्षं परीक्षा देत आला त्याला समोर कोणीतरी कागद घेऊन बसलं आणि प्रश्न विचारायला लागलं की ओळखीचं वाटतं, आणि ज्याची शाळा नवव्या-दहाव्या वर्षी सुटली त्याला तिथेच घाम फुटतो.

मी स्वतः बरीच वर्षं मेमरी क्लिनिकमध्ये अशा टेस्ट घेण्याचं काम केलंय, म्हणून हे अगदी मनापासून सांगतेय. एक आजी अजून डोळ्यांसमोर आहेत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. तारीख सांगता आली नाही, वजाबाकी दुसऱ्याच पायरीला अडली, पंचकोन काढायला पेन्सिल दिली तर ती कशी धरायची इथपासून सुरुवात. मी मुकाट्याने १९ लिहिले. आणि मग उठता उठता त्या मुलीला म्हणाल्या, तुझ्या बाबांची बीपीची गोळी आज संपली, उद्याची नाहीये, जाताना घे, आणि धाकट्याला पाचला क्लासला सोडायचंय म्हणजे साडेचारच्या आत घरी पोचायला हवं. चार माणसांचा दिवस त्यांच्या डोक्यात लख्ख होता आणि माझ्या कागदावर मात्र १९. त्यानंतर मी कधीही नुसता आकडा लिहून कोणाला घरी पाठवलं नाही, आधी शिक्षण विचारायचं आणि मग घरचं काम कोण बघतं ते विचारायचं.

म्हणूनच १९९३ साली अमेरिकेत १८ हजारांहून जास्त लोकांचे या टेस्टचे मार्क वय आणि शिक्षणाप्रमाणे वेगवेगळे मांडले गेले. नऊ किंवा जास्त वर्षं शाळा झालेल्यांत मधला आकडा २९ आला. पाच ते आठ वर्षंवाल्यांत २६. आणि चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांत २२. मधला म्हणजे रांग लावली तर बरोबर मध्ये उभा असलेला माणूस. आता काकांचे २९ आणि तुमचे २३ यांच्याशेजारी ठेवून बघा. दोघंही आपापल्या रांगेत मधोमधच उभे आहात, तुम्ही तर एक पाऊल पुढेच. मुलाने वाचलेला २४ चा आकडा सगळ्यांना सरसकट लावतात तिथेच गोची होते.

आता याचा अर्थ काहीच गडबड नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, ते समोर बसून तपासल्याशिवाय कोणीच म्हणू नये. पण तुमच्या पत्रात शेवटी शेवटी एक वाक्य आलंय त्याच्याकडे घरात कोणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही, की तुम्हाला नीट ऐकू येत नाही. काकू, ते तीन शब्द तोंडी सांगतात! जो शब्द कानात धड शिरलाच नाही तो पाच मिनिटांनी आठवणार कुठून? मग तो मार्क मेंदूचा गेला की कानाचा गेला? टेस्ट घेणाऱ्याला तुम्ही सांगितलं होतं का की कमी ऐकू येतं? माझी खात्री आहे की नाही सांगितलं, कारण तुम्हीच लिहिलंय की परत विचारायची लाज वाटते.

आता काकांच्या एमआरआयकडे वळू. मेंदू आकसणं म्हणजे विसरण्याचा आजार असं समीकरण डोक्यातून काढून टाका दोघांनीही. वय वाढलं की मेंदू सगळ्यांचाच आकसतो, साठीनंतर साधारण वर्षाला अर्धा टक्का धरा, कोणाचा जरा जास्त कोणाचा जरा कमी. आता तुमच्या घरात जे झालंय, जास्त शिकलेल्याचा मेंदू जास्त आकसलेला आणि तरी डोकं टकाटक चालतंय, हे इतकं विचित्र नाहीये जितकं काकांना वाटतंय. १९९९ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, ६६ ते ९० वयाचे ३२० धडधाकट लोक, सगळे आपापले व्यवहार नीट करणारे. मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये थोडं पाणी असतं आणि मेंदू आकसला की रिकामी झालेली जागा त्या पाण्यानेच भरते, म्हणून त्यांनी एमआरआयवरून ते पाणी मोजलं. तर शिक्षणाच्या एकेका वर्षामागे ते पाणी सरासरी पावणेदोन मिलीलीटरने जास्त निघालं. तुम्ही आणि काका यांच्यात शाळेचं अंतर १२ वर्षांचं, म्हणजे त्या हिशोबाने साधारण २१ मिलीलीटर, लहान चमच्याने चार चमचे. आता हा सरासरीचा हिशोब आहे, दोन माणसांना तो तसाच लागू करता येत नाही, पण दिशा कुठली आहे ते लक्षात यावं म्हणून सांगितलं.

मग काय, शिकल्यामुळे मेंदू आकसतो? नाही हो. इथेच खरी गंमत आहे आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही शिवण करता. कापड बेतताना तुम्ही शिवणीत माया सोडता ना? बरोबर अंगाच्या मापाचं कापत नाही, कडेने थोडं जास्तीचं ठेवता, आत दुमडलेलं, बाहेरून दिसतही नाही. उद्या कापड धुऊन आटलं किंवा घालणाऱ्याचं अंग भरलं तर शिवण उसवायची, माया सोडवायची, परत टीप मारायची, कपडा परत अंगाला बसतो. दोन शर्ट एकाच ताग्यातले, दोन्ही सारखेच आटले, पण ज्याला माया होती तो अजून घालता येतोय आणि ज्याला नव्हती त्याची बगलेत शिवण फाटली. मेंदूचंही असंच आहे असं शास्त्रज्ञ म्हणतात, ते त्याला राखीव साठा वगैरे म्हणतात, मला तर मायाच म्हणावंसं वाटतं.

याचा पत्ता लागला तोही असाच. १९८८ मध्ये १३७ म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूंचा मृत्यूनंतर अभ्यास केला, त्यात दहाजण असे निघाले की मेंदूत अल्झायमरच्या खुणा स्पष्ट होत्या पण जिवंतपणी माणूस व्यवस्थित होता. त्यांचे मेंदू वजनाला जास्त होते आणि त्यांत मोठ्या पेशी जास्त होत्या. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या याकोव्ह स्टर्न यांनी हीच कल्पना शिक्षणाशी आणि कामाशी जोडून दाखवली. म्हणजे ३२० जणांच्या त्या अभ्यासाचा अर्थ असा लावतात की जास्त शिकलेल्या माणसाचा मेंदू बऱ्यापैकी आकसला तरी त्याचं काम चालूच राहतं म्हणून तो धडधाकट लोकांच्या यादीत टिकतो, आणि तेवढाच आकसलेला पण माया कमी असलेला माणूस लक्षणं दिसायला लागून त्या यादीतून आधीच गळलेला असतो. काही अभ्यासांत जास्त शिकलेल्यांचा मेंदू उलट भरीव दिसलाय, तेव्हा या एकाच आकड्यावर हटून बसायचं कारण नाही. पण २०२१ मध्ये युरोपातल्या दोन हजारांच्या आसपास लोकांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतराने परत परत काढून जे बघितलं ते मात्र सरळ आहे, शिक्षण जास्त म्हणून मेंदू आकसण्याचा वेग कमी होतो असं दिसलं नाही. कापड आटायचं तेवढं आटतंच, डिग्रीवाल्याचंही आटतं आणि चौथीवाल्याचंही.

तेव्हा काकांना सांगा की रिपोर्ट त्यांचाच आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता मुलाच्या वाक्यावर येते, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. बाई म्हणून तुमचा मेंदू लवकर म्हातारा होतो का? पुरुषांचा मेंदू सरासरी साधारण दहा टक्के मोठा असतो, त्यांचं शरीरही मोठं असतं, म्हणून नुसतं आकारमान मांडून काही कळत नाही, वयाबरोबर बदल किती होतो ते बघावं लागतं. ते बघितलं तर चित्र तुमच्या मुलाला वाटतं त्याच्या उलट आहे. १९९८ चा एक अभ्यास, ६६ ते ९६ वयाचे ३३० लोक, त्यात वयाबरोबर मेंदूभोवतीचं ते पाणी वाढणं पुरुषांमध्ये जास्त होतं. २०१९ मध्ये २०५ लोकांच्या मेंदूत साखर आणि ऑक्सिजन कसा वापरला जातो ते मोजलं, तर बायकांचा मेंदू त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी जवळजवळ पावणेचार वर्षं तरुण असल्यासारखा वागताना दिसला. आणि अगदी अलीकडे २०२५ मध्ये चार हजार सातशेच्या वर निरोगी लोकांचे बारा हजारांहून जास्त एमआरआय तपासले, त्यातही मेंदूच्या जास्त भागांमध्ये घट पुरुषांचीच दिसली. हे फरक छोटे आहेत, दोन पुरुषांमध्येच याहून कितीतरी जास्त फरक असतो, त्यामुळे यावरून कोणी कोणाला चिडवायला जाऊ नका. पण बाईचा मेंदू मुळात कच्चा असतो हे मात्र कुठेच दिसत नाही.

मग विसरण्याचा आजार असलेल्यांत बायका जास्त का दिसतात? एक मोठं कारण अगदी साधं आहे, बायका जास्त जगतात आणि हा आजार वयाबरोबर वाढत जातो, ऐंशी-नव्वदीपर्यंत पोचणाऱ्यांत बायकाच जास्त. आणि दुसरं कारण तुमच्या पत्राच्या तिसऱ्या ओळीत आहे काकू. भाऊ पुढे शिकला, तुम्हाला घरकामाला ठेवलं.

आज जे लोक सत्तरी-ऐंशीत आहेत त्यांच्या लहानपणी जगाच्या कितीतरी भागांत मुलींची शाळा आधी सुटायची. म्हणजे म्हाताऱ्या बायका आणि म्हातारे पुरुष यांची तुलना करायला गेलं की बाई आणि पुरुष एवढीच तुलना होत नाही, कमी शाळा मिळालेले आणि जास्त शाळा मिळालेले अशीही होते, आणि ती वेगळी काढली नाही तर सगळा दोष बाईपणावर जातो. २०१४ मध्ये युरोपातल्या तेरा देशांतल्या पन्नाशीपुढच्या लोकांची अशी तुलना केली. जिथे आणि जेव्हा राहणीमान आणि शिक्षणाची संधी सुधारली तिथे फायदा पुरुषांनाही झाला पण बायकांना जास्त झाला, आकडेमोडीत त्या मागे होत्या ते अंतर कमी झालं आणि स्मरणशक्तीत त्यांनी घेतलेली आघाडी वाढली. इंग्लंडमध्ये १९३० ते १९५५ या काळात जन्मलेल्या जवळजवळ सोळा हजार लोकांची माहिती २०२१ मध्ये छापून आली, तिथेही नंतरच्या पिढीतल्या जास्त शिकायला मिळालेल्या बायका आधीच्या पिढीतल्या बायकांपेक्षा पुढे गेलेल्या दिसतात. एवढ्या थोड्या वर्षांत बायकांचे मेंदू बदलत नाहीत, शाळेचं दार उघडलं म्हणून हे झालं.

म्हणून मुलाला हे नक्की सांगा, की बाळा, तू एकच गोष्ट दोनदा मोजलीस. बाई म्हणून शाळा सुटली, आणि शाळा सुटली म्हणून धोका. हे तुम्ही गिऱ्हाईकाचं एक माप दोनदा लिहिण्यासारखं झालं, कपडा ढगळच होणार. मुलाचा हेतू वाईट नसेल, काळजीपोटीच वाचत बसला असेल, पण आईला असं तोंडावर बोलण्याआधी थोडं थांबायला हवं होतं.

आणि कमी शिक्षणाचा धोका तरी किती? लपवत नाही, आहे. स्टर्न यांच्याच १९९४ च्या अभ्यासात साठीपुढच्या ५९३ लोकांना एक ते चार वर्षं बघितलं, कमी शिकलेल्यांना हा आजार होण्याची शक्यता साधारण दुप्पट निघाली. दुप्पट ऐकलं की पोटात गोळा येतो. पण त्या ५९३ पैकी त्या काळात आजार झाला तो १०६ जणांना, बाकीच्या ४८७ जणांना झाला नाही, आणि त्यांत कमी शिकलेलेही होतेच की.

शिवाय माया काय फक्त शाळाच ठेवते? तुम्ही चाळीस वर्षं काय करत होतात ते जरा लांबून बघा. समोर माणूस उभा, टेप त्याच्या खांद्यावर, तोंडाने गप्पा चालू आणि डोक्यात छाती, खांदा, बाही, उंची. त्यातून सपाट कापडावर गोल अंगाचा आकार उलटा मांडायचा, कापड कमी असेल तर बाही आडवी बसते का तिरकी ते कात्री लावायच्या आधी डोक्यात फिरवून बघायचं, चेक्सचं असेल तर रेघ रेघेला जुळवायची, आणि हे सगळं करताना अमक्याला गुरुवारी द्यायचंय आणि तमक्याचं अस्तर अजून आलेलं नाही हेही लक्षात. पंचकोन काढणं याच्यापुढे काय आहे हो? स्टर्न यांच्या अभ्यासात तर माणूस आयुष्यभर कुठलं काम करतो याचाही वेगळा परिणाम दिसला होता. २०१३ मध्ये हैदराबादला या आजाराच्या ६४८ पेशंट्सचा अभ्यास झाला, त्यात एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांच्यातही हा फरक होताच. म्हणजे शाळेबाहेर, जगता जगता जे मेंदूने कमावलं तेही जमेला धरायचं.

आता पुढे काय करायचं. पहिलं काम कान. हे मी उगाच वर ठेवत नाहीये. २०२४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने १४ गोष्टी सांगितल्या ज्या सुधारल्या तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत असे आजार टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. त्यात लहानपणी कमी शिक्षण याचा वाटा ५ टक्के धरलाय आणि कमी ऐकू येणं याचा ७ टक्के. म्हणजे जी गोष्ट साठ वर्षांपूर्वी हातातून गेली तिच्यासाठी तुम्ही रात्री जाग्या आहात आणि जी आज हातात आहे, तिच्याहून जड आहे, तिच्याबद्दल लाज वाटतेय म्हणून गप्प आहात. ऐकायच्या मशीनने काय होतं याचा मोठा प्रयोगही झालाय, ९७७ लोक, वय ७० ते ८४, तीन वर्षं. सगळे मिळून बघितले तर फार फरक पडला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात डोक्याच्या कामाची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. आणि मशीन लागलंच तर पहिले काही आठवडे सगळं कर्कश वाटतं, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, तेव्हा ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका, रोज थोडा थोडा वेळ लावा, परत जाऊन आवाज सेट करून घ्या. कदाचित नुसता मळही असेल, तेही तपासल्याशिवाय कसं कळणार?

कान झाले की चष्मा, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल. ही सगळी त्याच १४ च्या यादीत आहेत. रोज पायी फिरणं आहे, माणसांत असणं आहे. हे सगळं तुम्ही शंभरदा ऐकलेलं असणार म्हणून जास्त लिहीत नाही. आणि मगच ती टेस्ट परत द्या, सहा महिन्यांनी वगैरे, ऐकू येत असताना, आणि बसल्या बसल्या आधीच सांगा की माझं शिक्षण चौथी. पुढची तुलना काकांच्या २९ शी करायची नाही, तुमच्याच आधीच्या आकड्याशी करायची.

आता शिकून उपयोग आहे का, तर आहे, पण कशाने होतो ते नीट ऐका. मोठेपणी वाचायला शिकलेल्या माणसांचा मेंदू २०१० मध्ये तपासला तर वाचणं ओळखणारा भाग त्यांच्यातही तयार झालेला होता, लहानपणी शिकलेल्यांसारखाच. आणि तुमच्या जिव्हाळ्याचा एक प्रयोग सांगते. २०१४ मध्ये ६० ते ९० वयाच्या २२१ लोकांना वेगवेगळ्या कामाला लावलं, काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना तुकडे जोडून रजई शिवायला, काहींना दोन्ही, आणि काहींना नुसत्या गप्पा, सहली किंवा घरबसल्या सोपी कोडी. आठवड्याला साधारण पंधरा तास, तीन महिने. ज्यांना नवं आणि अवघड शिकावं लागलं त्यांची स्मरणशक्ती सुधारली, आणि सगळ्यात जास्त फोटोग्राफी शिकलेल्यांची, नुसत्या गप्पा मारणाऱ्यांची तेवढी नाही.

म्हणून शिवण परत सुरू करा हे तर मी म्हणणारच, पण नुसते पडदे शिवत बसलात तर हात आपोआप चालतो, डोक्याला काही काम नाही. तुम्हीच लिहिलंय ना की कोट कधी शिवला नाही. मग कोट शिवा! कॉलर, आतलं कॅनव्हास, खांद्याचं पॅडिंग, अस्तर, सगळं नवीन, नातीला सांगा व्हिडिओ शोधून द्यायला, मापं वहीत स्वतःच्या हाताने लिहा, स्पेलिंग चुकलं तरी चालेल, लिहिण्याची सवयही परत येईल. दोनदा उसवावं लागेल, वैतागाल, तो वैतागच हवाय. मोबाइलवरचे ब्रेन गेम विकत घेऊ नका, त्यांनी माणूस मुख्यतः त्या गेममध्येच हुशार होतो.

काकांबद्दल दोन गोष्टी. एक, चक्कर कशाने आली ते रिपोर्ट नॉर्मल-अॅबनॉर्मलच्या भानगडीत मागे पडलेलं दिसतंय, त्याचा पाठपुरावा करा, बीपी उभं राहून आणि झोपून दोन्ही मोजायला सांगा. दुसरी जास्त नाजूक आहे. भरपूर माया असलेल्या कपड्याला आतून काय झालंय ते बाहेरून उशिरा दिसतं. शिकलेली माणसं अशा टेस्टमध्ये २९, ३० सहज काढत राहतात आणि आजार असलाच तर तो लक्षात येईपर्यंत बराच पुढे गेलेला असतो, त्यामुळे निदानानंतर घसरण भरभर होताना दिसते. काकांना तसं काही आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण त्यांच्या बाबतीत मार्कांवर विसंबू नका, रोजच्या गोष्टींवर नजर ठेवा, पूर्वी चुटकीसरशी होणारे बँकेचे हिशोब आता रेंगाळतायत का, रोजच्या रस्त्यावर गाडी चालवताना गोंधळतात का, तीच गोष्ट अर्ध्या तासात परत सांगतात का. तसंच त्यांनी तुमच्याकडे बघावं. नाव पटकन न आठवणं आणि मागाहून आठवणं हे सगळ्यांचंच होतं, पण गॅस चालू राहणं वारंवार व्हायला लागलं, ओळखीच्या जागी वाट चुकली, किंवा स्वभावच बदलला, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं, दोघांपैकी कोणीही असो.

कानाच्या तपासणीला नातीला बरोबर न्या आणि काय निघालं ते मला कळवा. आणि कोटाचं कापड बेताल तेव्हा पहिल्या कोटाला माया जरा जास्तच सोडा, हात दोन वर्षं बंद आहे.